पत्र्याची पाठचिकित्सा

पाठचिकित्सा हा विषय एम.ए.च्या वर्गात काढला की पहिल्या दहा मिनिटांतच विद्यार्थ्यांचे चेहरे उतरतात, हा माझा गेल्या अठरा-वीस वर्षांचा अनुभव आहे. कवितेत, कादंबरीत निदान माणसे भेटतात. इथे भेटतात ती कसर लागलेली पाने, लेखनिकांच्या डुलक्या आणि तळटीपा. त्यातूनही एखादा चिवट विद्यार्थी दरवर्षी निघतोच. तो विचारतो, ‘मॅडम, मूळ प्रतच जर कोणी पाहिलेली नाही, तर मूळ संहिता सिद्ध केली असे आपण कशाच्या बळावर म्हणायचे?’ याला पुस्तकी उत्तर आहे आणि ते मी देत आले आहे. परंतु या प्रश्नातला पेच अंगाला भिडला तो गेल्या उन्हाळ्यात, पेठच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये, आमच्या वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीचा गंजलेला पत्रा बदलताना.

पेठ हे आंबेगाव तालुक्यातले, पुणे-नाशिक रस्त्यावरचे गाव. खेडचा घाट चढून वर आल्यावर आणि अवसरीचा घाट उतरून मंचरला पोचण्यापूर्वी ते लागते. सातगाव पठाराचा हा मुलूख पावसाच्या भरवशावरच्या खरीप बटाट्यासाठी ओळखला जातो. दादा, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात गणित शिकवत आणि उरलेल्या वेळात बटाटा लावत. त्यांनी १९८६ साली पुण्यातल्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. गाडी १९७८ची. त्या काळी नव्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे आठ वर्षांची जुनी गाडी ही जुनी समजली जात नसे. गावातल्या कित्येक नवऱ्या मुली तिच्यातून सासरी गेल्या, आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बायका मंचरच्या दवाखान्यात. हे सगळे सांगत बसले तर निबंधाची दिशा बदलेल. असो.

या गाडीचे कूळ थोडक्यात सांगायला हवे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. इटलीतल्या फियाट कंपनीची ‘अकराशे’ ही गाडी पुढे तिथे बनू लागली. १९६४पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आणि सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून तीच गाडी, जवळजवळ त्याच अंगाने, शतक संपेपर्यंत रस्त्यावर येत राहिली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढच्या अखंड बाकावर तिघांची सोय. नाव चितोडच्या राणीचे असले तरी आमच्याकडे तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हणत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप याच गाडीने घडवले. त्यांतली अखेरची टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदवलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ती ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत बरेच गहिवर आले. दादांनी बातमी वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘आपली खाली बसायच्या आत तिचं काहीतरी बघ.’

‘खाली बसायच्या आत’ हे शब्दशः खरे होते. जीपला खाली वेगळी चॅसी असते आणि वरचा पत्रा हा अंगरख्यासारखा. पद्मिनीचे तसे नाही. तिचा पत्रा हीच तिची हाडे. दोन्ही दरवाजांच्या खालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी जी पोकळ पेटीसारखी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा भार असतो. ही पट्टी आतून सडली की दरवाजे नीट लागेनासे होतात, कारण गाडी मधोमध वाकू लागलेली असते. आमच्या गाडीचा उजवा पुढचा दरवाजा गेली दोन वर्षे उचलून लावावा लागत होता.

गंजाचे एक वैशिष्ट्य या निमित्ताने मनात पक्के बसले. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो, हे शाळेत शिकलेले असते. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, हे लक्षात राहत नाही. दोन पत्रे एकावर एक ठेवून जिथे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडलेले असतात, तिथल्या फटीत पाणी शिरते, गंज फुगतो आणि तो पत्र्यांना एकमेकांपासून ढकलत जातो. वरचा रंग मात्र लवचीक असल्याने बराच काळ तसाच राहतो. एखादा बारीक फोड दिसतो, इतकेच. पट्टीच्या पोटाला पाणी निथळायला भोके ठेवलेली असतात. पठारावरची तांबडी माती त्यांत जाऊन बसली की पट्टी हौदासारखी भरते. आपल्या भाषेत गव्हाच्या रोगाला ‘तांबेरा’ म्हणतात. तो शब्द ज्याने वापरला त्याने पानावरची तांबूस भुकटी पाहिली होती; आमच्या शेडच्या फरशीवर सांडलेली भुकटी अगदी तशीच होती.

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या कारागिरांनी सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही घरीच काम करायचे ठरवले. घरीच म्हणजे मी, दादा आणि आमचे वेल्डर मामा. मामा नात्याने कोणी नव्हेत. त्यांचा धंदा ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लोखंडी दारे आणि बटाट्याच्या वखारींचे सांगाडे करण्याचा. जूनमध्ये लागवड सुरू झाली की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून मार्च ते मे हाच आमचा हंगाम. पहिल्या दिवशी त्यांनी पेचकसाच्या मुठीने पट्टी वाजवून पाहिली. वाजवत वाजवत ते मागे गेले, खणखण आवाजाचा भदभद आवाज झाला, आणि ते म्हणाले, ‘ताई, हितं पत्रा राह्यलाच नाई. नुसता रंग उभा हाये.’

रंग खरवडला तेव्हा खाली लांबी लागली, बोटभर जाडीची. लांबीखाली तारेची जाळी आणि जाळीमागे वर्तमानपत्राचे बोळे. पूर्वी कधीतरी कोणा गॅरेजवाल्याने भोक पडलेल्या पट्टीत कागद कोंबून, त्यावर लांबी थापून, घासून, वर झकास रंग मारून गाडी परत केली होती. आणि कागदाने स्पंजासारखे पाणी धरून उरलेला पत्राही खाऊन टाकला होता. बोळे उलगडून पाहिल्याशिवाय मला राहवेना. बहुतेकांचा लगदा झाला होता, परंतु एका तुकड्यावर मराठी अक्षरे शाबूत होती: बाजारभाव. कांदा, बटाटा, लसूण. आकडे मात्र ओलीने गेलेले. तारीख कुठे मिळाली असती तर त्या दुरुस्तीचा काळ ठरवता आला असता. मिळाली नाही.

इथे माझ्या व्यवसायाने उचल खाल्ली. जुन्या पोथ्यांत असेच होते. एखाद्या लेखनिकाला समोरच्या प्रतीत किडीने खाल्लेली जागा दिसते. प्रामाणिक लेखनिक ती जागा मोकळी सोडतो. हुशार लेखनिक छंदात बसेल असे काहीतरी घालून ती भरून टाकतो, आणि त्याची भर इतकी गुळगुळीत असते की पुढच्या दहा प्रतींत ती मूळ म्हणून मिरवते. एकनाथांना शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावीशी वाटली, ती अशाच भरीला कंटाळून. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व पाठ म्हणून आपली ज्ञानेश्वरी १९०९ साली छापली आणि वादाला तोंड फुटले; तो वाद आम्ही अजून परीक्षेत विचारतो. लांबी थापणारा तो गॅरेजवाला मला म्हणूनच परका वाटला नाही. त्याचा रागही फारसा आला नाही. गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचे असेल.

मग प्रश्न आला तो कापायचे किती. अमेरिकेत हा प्रश्न जवळजवळ सुटलेला आहे असे म्हणतात. तिथल्या साठीच्या दशकातल्या दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचे, उदाहरणार्थ १९६४ साली आलेल्या मस्टँगचे, प्रत्येक पत्र्याचे नवे साचे निघालेले आहेत. कोणाला हवी असेल तर आख्खी बॉडीच नवी मिळते. पत्रा आणायचा, जुना उतरवायचा, नवा चढवायचा. आपल्याकडे पद्मिनीचे दरवाजे आणि बॉनेट शोधले तर सापडतात, पण दाराखालची पट्टी, चाकावरच्या कमानीची आतली घडी यांना वाली नाही. ती हातानेच करावी लागते: साधा वीस गेजचा सीआर पत्रा, म्हणजे मिलिमीटरहून किंचित कमी जाडीचा, आणून.

कापण्याचा नियम मामांनी एका वाक्यात सांगितला: चमकेपर्यंत कापायचे. ग्राइंडरखाली पत्रा निखळ पांढरा चमकला की थांबायचे. काळे ठिपके दिसताहेत तोवर पुढे सरकायचे. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात आपला हात दोन्हीकडे चुकू पाहतो. भावनेने थोडे कमी कापावेसे वाटते, आणि मग सडक्या काठावर वेल्डिंग धरत नाही. पत्रा विरघळून भोक वाढतच जाते. उलट, सरळ रेषेत कापले की जोडायला सोपे जाते, म्हणून कारागिराला थोडे जास्त कापायचा मोह होतो. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पुरे झाले. १९२५पासून तिची धुरा वाहणाऱ्या विष्णु सीताराम सुकथनकरांचे धोरण दुरुस्तीपेक्षा अन्वयाला प्राधान्य देण्याचे होते. पाठ अवघड आहे, विचित्र आहे, एवढ्या कारणाने तो बदलायचा नाही. आधी त्याचा अर्थ लागतो का पाहायचे. हे मी वर्गात सांगते. मागच्या कमानीपाशी एक वाकडीतिकडी वळी होती. ती ठोकून सरळ करावी असे मामांचे मत होते. दादांनी थांबवले. १९९१ साली अवसरीच्या घाटात बैलगाडीचा आंस घासला तेव्हाची ती वळी. पत्रा तिथे निरोगी होता. वळी राहिली.

कापण्यापूर्वीची तयारी मात्र कंटाळवाणी आणि तितकीच महत्त्वाची. मागची पेट्रोलची टाकी काढून शेडच्या बाहेर, पार गोठ्यापलीकडे नेऊन ठेवली. बॅटरीच्या तारा सोडवल्या. सीट, रबरी चटया, दारांच्या कडांचे रबर निघाले. गाडी चार ठिकाणी लाकडी ओंडक्यांवर समपातळीत बसवली आणि दाराच्या चौकटीत आडवे-तिडवे लोखंडी अँगल तात्पुरते जोडले, कारण पट्टी कापल्याबरोबर गाडी वाकली तर पुन्हा आयुष्यात दार लागायचे नाही. दोन्ही बाजू एकदम उघडायच्या नाहीत, हाही मामांचा दंडक. मग जुन्या ठिपक्यांचे जोड शोधून एकेक ठिपका ड्रिलने कोरून काढायचा. वरचा पत्रा सुटावा पण खालच्या पत्र्याला भोक पडू नये, इतपतच. हे काम माझ्याकडे आले. उजव्या बाजूला अडुसष्ट ठिपके मी मोजले. प्रुफे तपासण्याची सवय कामाला येते, हे नमूद करते.

आता नव्या पट्टीचा आकार कुठून आणायचा? उजवी पट्टी इतकी खाल्लेली होती की तिच्यावरून काही कळेना. डावी त्यामानाने बरी. तिच्यावर पुठ्ठा दाबून फर्मा काढला आणि तो उलटा करून उजवीकडे लावला. पण आतली घडी दोन्हीकडे नाहीशी झालेली. चाकणच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे एक पद्मिनी पडून आहे असे कळले, म्हणून एका रविवारी मोजपट्टी घेऊन तिथे गेले. त्या गाडीची पट्टी घासून पाहिली तर तिच्यावरही आधी कोणीतरी काम केलेले, आणि तेही ओबडधोबड. पोथीच्या शोधात दूरच्या मठात जावे आणि तिथली प्रत आपल्याच प्रतीवरून उतरलेली निघावी, त्यातला प्रकार.

शेवटी दादांची आठवण कामी आली. त्यांनी डोळे मिटून हाताने घडी दाखवली: इथे बोटाएवढी आत, मग अर्धे बोट खाली, मग पुन्हा बाहेर. गाडी धुताना चाळीस वर्षे फिरलेला हात होता तो. मामांचे म्हणणे घडी एकच होती. दादा म्हणत दोन. मला यावेळी लीळाचरित्र आठवणे अपरिहार्य होते. म्हाइंभटांच्या त्या ग्रंथाची मूळ प्रत धामधुमीत हरवली आणि शिष्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, असे परंपरा सांगते. हिराइसांच्या स्मरणाला त्यात मोठा मान आहे. माझ्या दृष्टीने महानुभावांची थोरवी पुढच्या गोष्टीत आहे. ज्यांच्या आठवणी जुळल्या नाहीत, त्यांचे वेगळेपण त्यांनी पुसून टाकले नाही. पाठभेद म्हणून ते ग्रंथांतून टिकून राहिले. आम्ही दादांची घडी पत्र्यात घातली, आणि मामांचे मत माझ्या वहीत लिहून ठेवले.

जोडण्याची रीत वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यात घाई चालत नाही. साध्या वेल्डिंगच्या कांडीने इतका पातळ पत्रा जळतो. मामांनी सीओटूचे मशीन आणले होते, त्यात अत्यंत बारीक तार आपोआप पुढे येत राहते. सांध्यामागे तांब्याची पट्टी धरायची. ती उष्णता शोषते आणि वितळलेले लोखंड तिला चिकटत नाही. मग एका टोकाला एक टाका, दुसऱ्या टोकाला एक, मध्ये एक. टाका हा मामांचाच शब्द. दोन टाक्यांच्या मध्ये थांबून पत्र्यावर हात ठेवून पाहायचा. सोसवेल इतका निवला की पुढचा टाका. सलग ओढत नेले तर पत्रा तापून पापडासारखा फुगतो आणि ती फूग काढता काढता आठवडा जातो. एका पट्टीला दोन रविवार आणि मधला एक शनिवार लागला.

धाकटा भाऊ चाकणला मोटारींच्याच एका कारखान्यात आहे. तिथे प्रेसखाली चपटा पत्रा जातो आणि काही सेकंदांत दार होऊन बाहेर येतो. जोडणी यंत्रमानव करतात. तो दर खेपेला शेडच्या दारात उभा राहून हिशेब मांडी. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण २०२१पासून आहे, नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की दाखला मिळतो, त्यावर नव्या गाडीच्या करात सूट मिळते. ‘ताई, तू जोडतेयस त्यात गाडी किती आणि मामांचा पत्रा किती?’ तो विचारी. त्याच्या प्रश्नात खोच होती, पण प्रश्न खोटा नव्हता. आणि पुढच्या आठवड्यात तोच जस्ताच्या प्रायमरचा डबा घेऊन आला. वेल्ड करता येतो असा तो प्रायमर जोडाच्या आतल्या बाजूला लावल्याशिवाय पत्रा मिटवू नका, असे बजावून गेला.

भावाच्या प्रश्नाला तत्त्वज्ञानात जुने नाव आहे. थीसियसच्या जहाजाची फळी न् फळी बदलली तर ते तेच जहाज का, हा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. मला मात्र या कामात त्या जहाजाचा फारसा उपयोग झाला नाही. त्या कोड्यात सुरुवातीला एक निर्विवाद मूळ जहाज गृहीत धरलेले असते. आमची गाडी १९८६ साली घरी आली तेव्हाच तिचा डावा पुढचा मडगार्ड बदललेला होता, हे दादांनी कामाच्या पाचव्या रविवारी सहज सांगितले! मग मी जिला मूळ म्हणून जपत होते ती गाडी कोणती?

त्यापेक्षा पुरीची रीत मला जवळची वाटते. तिथल्या काष्ठमूर्ती ठराविक योग आला की नव्या घडवतात. १९९६मध्ये असे नवकलेवर झाले, नंतर २०१५मध्ये. जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून, नव्या मूर्तीत ठेवला जातो आणि जुन्या मूर्तीला समाधी देतात. मोटारीतही असा एक अंश आहे. परिवहन कार्यालयाच्या लेखी गाडी म्हणजे बॉनेट उघडल्यावर धातूत कोरलेला चॅसी क्रमांक. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना त्या क्रमांकावर कागद ठेवून शिसपेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडतात. दादांनी असे ठसे आजवर कित्येकदा काढले. तो पत्रा कापायचा नाही. कापला तर गाडी कायद्याने निनावी होते.

ठशावरून नाणेघाट आठवणारच, जुन्नरच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो दूर नाही. तिथल्या लेण्यात मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, कुमार अशा राजकुळातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या. पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावे तेवढी राहिली. बाजूच्या भिंतींवरचा नागनिकेचा मोठा लेखही जागोजागी झिजलेला आहे, आणि त्याचे वाचन छापताना अभ्यासक त्या जागा टिंबांनी रिकाम्या दाखवतात. तिथे नव्या मूर्ती बसवाव्यात असे सुदैवाने अद्याप कोणाला सुचलेले नाही. परंतु लेण्यात बसून कोणाला मंचरला जायचे नसते. मोटारीत जायचे असते. रिकामी जागा सोडण्याची मुभा गाडीला नाही, हा पोथी आणि पद्मिनी यांतला फरक मला मान्य करावाच लागला.

खरा खटका उडाला तो सांध्यावरून. नवा पत्रा जुन्याला जिथे मिळतो ती रेघ दिसावी की दिसू नये? माझे मत होते की दिसावी. भांडारकरच्या आवृत्तीत जो पाठ संपादकांना पुरेसा खात्रीचा वाटला नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ असते. वाचणाऱ्याला कळते की इथे पाऊल जपून टाकायचे. तशी काही खूण असावी, निदान नव्या पट्टीचा रंग किंचित वेगळा ठेवावा, असे मी सुचवले. दादांना ते मुळीच पटले नाही.

‘फाटका सदरा शिवला तर ठिगळ दाखवत फिरायचं का?’

‘आजीच्या गोधडीला ठिगळंच तर दिसायची. कुठलं कुणाच्या लुगड्याचं, ते ती सांगायची.’

‘गोधडी घरात अंथरतात, बाळ. सदरा घालून गावात जातात.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही. दादा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या लेखी ही गाडी कधी संग्रहातली वस्तू नव्हतीच. गावात तिची काही पत होती, ती पत त्यांनी शिक्षकाच्या पगारात सांभाळली होती, आणि तिच्या अंगावर दुरुस्तीची जाहीर नोंद लावणे म्हणजे त्या पतीलाच ठिगळ लावणे होते. चिकित्सक आवृत्ती अभ्यासकांसाठी असते. पारायणाला बसलेल्या माणसाच्या पोथीत नागमोडी रेघा नसतात, नसाव्यातही. आपण अध्यापक मंडळी हा भेद विसरतो आणि सगळ्या जगाने तळटीपांसकट वाचावे अशी अपेक्षा धरतो.

तोड निघाली ती पट्टीच्या पोकळीत. बाहेरचा सांधा मामांनी घासून असा सपाट केला की नखाला लागू नये. त्यावर फक्त कागदाइतकी पातळ लांबी, मग रेड ऑक्साइड, मग दादांना हवा तोच करडा रंग. आतल्या बाजूचे टाके मात्र घासले नाहीत. ते जसेच्या तसे, मण्यांच्या ओळीसारखे उभे आहेत. पोकळी मिटवण्यापूर्वी त्यांच्या शेजारी मी पांढऱ्या ऑइलपेंटने महिना, साल, पत्र्याची जाडी आणि ‘आतली घडी स्मरणावरून’ एवढे लिहिले. नंतर निथळायची भोके मोकळी आहेत ना ते तारेने पाहून आत मेण आणि तेल यांचे मिश्रण फवारले. पुढे कोणी ही पट्टी कापली तर त्याला वर्तमानपत्राच्या बोळ्याऐवजी हे वाचायला मिळेल. मामांनी विचारले, ‘माझं नाव नाई लिवलं?’ लिहिले. ते इथे देत नाही, पण गाडीत आहे.

एक सरकारी शब्द अजून डोक्यात घोळतो आहे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांहून जुनी, ‘मूळ रूपात’ जपलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ धरली जाते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्या नोंदणीनंतर मात्र गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शने, मिरवणुकी, इंधन भरणे, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच बाहेर काढता येते. आमची गाडी २०२८ साली पन्नाशी गाठेल. ‘मूळ रूप’ म्हणजे काय याचे विवरण मी सवयीने करून ठेवले आहे: नियमात रूप म्हटले आहे, द्रव्य म्हटलेले नाही, घडीसाठी घडी आणि जाडीसाठी जाडी ठेवली तर रूप टिकले. तपासणीला येणारा अधिकारी हे विवरण ऐकून घेईल का, तो वेगळा भाग. दादांना ही नोंदणी नकोच आहे. प्रदर्शनापुरती बाहेर काढायची गाडी त्यांना कळत नाही. त्यांना दर मंगळवारी बाजारहाटाला मंचरला जायचे असते.

उजवा दरवाजा आता एका बोटाने लागतो. डावी पट्टी एप्रिलअखेर झाली. डिकीच्या बुडाचा पत्रा राहिला आहे. तिथे सुट्या चाकाखाली पाणी साठून ताटलीएवढे भोक पडले आहे, आणि त्याचा फर्मा घ्यायला कुठेच काही शिल्लक नाही. तात्पुरती खालून रबरी चटई बांधली आहे. मामा म्हणालेत, बटाटा निघाला की बघू.